पुढे काय झालं त्याचं?

गेल्या महिन्यात एका लग्नात जेवायला बसलो तेव्हा माझा आतेभाऊ डाव्या हाताला होता. हल्ली पंगत म्हणजे टेबल-खुर्चीच, पण वाढपी होते, केळीच्या पानासारखा दिसणारा कागद होता आणि मसालेभातावर तूप वाढत फिरणारा एक पोरगाही होता. समोरच्या रांगेत मुलीकडचे एक आजोबा बसलेले. त्यांनी दादाकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं, मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही ते बोर्डात आलेले ना? पेपरात फोटो होता. आई पेढा भरवतेय असा." दादा हसून हो म्हणाला. एक्क्याण्णव सालची दहावी. आजोबांचा चेहरा एकदम फुलला. शेजारच्याला कोपराने ढोसून त्यांनी ही माहिती पुरवली, आणि मग अगदी निर्मळ कुतूहलाने विचारलं, "मग? पुढे काय?"

"चाललंय," दादा म्हणाला, आणि जिलबी नको म्हणून पानावर हात आडवा धरला.

आजोबांचं मला काही वाटलं नाही. म्हातारी माणसं विचारतात. खटकलं ते वेगळंच. प्रश्न आल्याबरोबर मीही मान वळवून दादाच्या तोंडाकडे बघायला लागलो होतो. मला त्याचं सगळं माहीत आहे. कुठल्या खात्यात इंजिनिअर आहे, बदली कुठे कुठे झाली, मुलगी काय शिकते, गच्चीवर किती कुंड्या आहेत आणि त्यातल्या किती कढीपत्त्याच्या आहेत. तरी त्या अर्ध्या मिनिटात मीसुद्धा उत्तराची वाट बघत होतो. म्हणजे हे सगळं माझ्या लेखी 'पुढे'मध्ये धरलेलंच नव्हतं की काय?

रात्री झोप लागेना, तेव्हा मी मोबाइलवर सालेंकोचे पाच गोल लावले. तेच का, ते कळायला फार वेळ लागला नाही. हा प्रश्न मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ज्या माणसाबद्दल विचारला असेल, तो रशियाचा फुटबॉलपटू ओलेग सालेंको. दर चार वर्षांनी फुटबॉलचा वर्ल्ड कप येतो, कुठेतरी चहावर प्रश्नमंजुषा रंगते, वर्ल्ड कपच्या एका सामन्यात सर्वांत जास्त गोल कुणाचे असं कुणीतरी विचारतं. पोरं पेले म्हणतात, मॅराडोना म्हणतात, आता एम्बापे म्हणतात. मी जरा थांबून, मजा घेत, 'सालेंको' म्हणतो. पाच गोल, कॅमेरूनविरुद्ध, २८ जून १९९४. क्षणभर शांतता, आणि मग कुणीतरी विचारतंच, किंवा मीच विचारतो: पुढे काय झालं त्याचं?

ती चित्रफीत जेमतेम दोन-तीन मिनिटांची आहे. जुन्या व्हीएचएसवरून उतरवलेली असावी, कडा थरथरतात, हिरवळीचा रंग मधेच पोपटी होतो. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड स्टेडियम, भर दुपारचं ऊन, पंचाहत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक. उन्हाने सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. नऊ नंबरचा एक सडपातळ, तांबूस चेहऱ्याचा पोरगा पंधराव्या मिनिटाला पहिला गोल करतो. एक्केचाळिसाव्याला दुसरा: रशियाला फ्री किक मिळालेली, कॅमेरूनवाले अजून भिंत लावतायत, पंचांशी हुज्जत घालतायत, आणि तेवढ्यात चेंडू मारला जातो नि हा एकटाच पुढे धावत असतो. मध्यंतराला मिनिटभर असताना पेनल्टी, तिसरा. ७२ व्या मिनिटाला चौथा. ७५ व्याला पाचवा, आणि तो मात्र खरंच देखणा आहे: गोलकीपर झेपावत बाहेर येतो आणि हा चेंडू त्याच्या अंगावरून अलगद उचलून टाकतो, वाढपी पळीने वरण वाढतो तितक्या सहज.

बाकीचे गोल साधे आहेत. हे मी कमीपणा द्यायला म्हणत नाही. मॅराडोनाने १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध अर्धं मैदान पार करत केलेल्या गोलसारखं यात काही नाही. चेंडू जिथे येणार तिथे हा आधीच उभा असतो, एवढंच. पण ज्यांनी कधी गल्लीत का होईना फुटबॉल खेळलाय त्यांना माहीत असतं, की चेंडू येणार तिथे आधीच उभं असणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट. मी शाळेत असताना नेहमी चेंडू येऊन गेलेल्या जागी पोचायचो. खेळाचे सर लांबून ओरडायचे, "अरे, काल आला होता तो तिथे!"

एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदाच लक्षात आली. पाचव्या गोलनंतर तो धावतो, हात पसरतो, सोबती येऊन बिलगतात, पण अंगावर रचला जाणारा ढीग नाही, लोळणफुगडी नाही. तोवर वर्ल्ड कपच्या एका सामन्यात कुणीही चारच्या वर गेलं नव्हतं. युसेबिओ चारवर थांबला होता, बुत्राग्वेन्यो चारवर. हा तिथून पुढे गेला, आणि तरी संघाचा आनंद एखाद्या ऑफिसातल्या वाढदिवसासारखा. केक कापला, टाळ्या झाल्या, आता जागेवर जा. कारण सोपं होतं. ते बहुतेक घरी चालले होते.

मी तेव्हा आठवी संपवून नववीत गेलो होतो. सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू झाला, मी झोपलो होतो. एकोणतीसच्या पेपरात अर्थातच काही नव्हतं, तीसला खेळाच्या पानावर खाली एक चौकट आली. मला ती चौकट आठवते, कारण एक जुलैपासून त्या पानावर दुसरं काही वाचण्यासारखं उरलंच नाही. मॅराडोनाच्या लघवीत इफेड्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं. आमच्या वर्गात दोन तट पडले, एकाने दुसऱ्याच्या कंपासपेटीवर बसून ती वाकडी केली, आणि मी, ज्याने मॅराडोनाला प्रत्यक्षात सगळं मिळून दोनेकशे मिनिटं खेळताना पाहिलं असेल, संध्याकाळी जेवलो नाही. आई म्हणाली, "तुझा कोण लागतो तो?" दादा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला, सुट्टीला आमच्याकडे आला होता. त्याने माझ्या ताटातली पोळीही खाऊन टाकली. त्या सगळ्या गोंधळात, ग्रीसविरुद्ध गोल केल्यावर कॅमेऱ्यात घुसून किंचाळणारा मॅराडोना आणि पाच गोल करून मुकाट चालत जाणारा सालेंको यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो होता. पण तिथे येण्याआधी जरा मागे जायला हवं.

ओलेग सालेंको १९६९ चा, लेनिनग्राडचा. सोळाव्या वर्षी झेनितच्या पहिल्या संघात आला, तेव्हा झेनितचे प्रशिक्षक होते पावेल सादिरिन. दोनच वर्षांपूर्वी, १९८४ ला, त्यांनी त्या क्लबला सोव्हिएत लीग जिंकून दिली होती. हे सादिरिन लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत. १९८९ ला वीस वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप सौदी अरेबियात झाला. सालेंकोने पाच गोल केले आणि सर्वाधिक गोलांचं बक्षीस घेतलं. पण त्या स्पर्धेचं नाव काढलं की जुन्या माणसांना आठवतं ते दम्माम. उपांत्यपूर्व फेरीत सोव्हिएत संघ नायजेरियावर ४-० ने पुढे होता. सामना संपला तेव्हा ४-४, आणि पेनल्टीवर नायजेरिया जिंकली. नायजेरियात त्याला दम्मामचा चमत्कार म्हणतात. सोव्हिएत ड्रेसिंग रूममध्ये काय म्हणाले असतील याची मी कल्पना करतो. एकोणीस वर्षांचा पोरगा, हातात सर्वाधिक गोलांचा मान आणि बरोबर घरी जायचं तिकीट. हे पुन्हा होणार आहे हे त्याला कुठे माहीत.

झेनितमधून तो कीव्हच्या दिनामोत गेला. प्रशिक्षक लोबानोव्हस्कींचा दिनामो, म्हणजे फुटबॉल जवळजवळ प्रयोगशाळेत शिकवायचे ते दिवस. १९९० ला त्यांनी लीग आणि कप दोन्ही जिंकले. मग वर्षभरात लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं, देश गेला, लीग गेली, आणि कीव्ह परदेशात गेलं. आपण पासपोर्टावरचा पत्ता बदलायचा म्हटलं तर सहा खेटे घालतो. यांचा पत्ता तोच राहिला आणि देश बदलला. २९ एप्रिल १९९२ ला उझहोरोदमध्ये स्वतंत्र युक्रेन आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, हंगेरीविरुद्ध, आणि १-३ हरला. त्या संघात सालेंको होता. पण १९९४ च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत युक्रेनला जागा नव्हती. सोव्हिएत संघाची जागा रशियाला मिळाली. मग ज्यांना वर्ल्ड कप खेळायचा होता त्यांनी रशिया निवडला. ओनोप्को, युरान, निकिफोरोव, त्सिम्बालार, कांचेल्स्किस, सगळे युक्रेनच्या मातीत जन्मलेले. सालेंको जन्माने लेनिनग्राडचा, त्याच्या बाबतीत तर प्रश्नच कमी. कोण चुकलं, कोण बरोबर, हे आज दोन्हीकडचे लोक फार कडवटपणे बोलतात. मला त्यात पडायचं नाही. विशीतल्या पोरांना एकच वर्ल्ड कप दिसत होता आणि त्याला जाणारी एकच गाडी.

त्या गाडीतही भांडणं लागली. नोव्हेंबर १९९३, अथेन्स, ग्रीसकडून ०-१ हार. पात्र तर आधीच ठरले होते, तरी सामन्यानंतर हॉटेलात चौदा खेळाडूंनी एक पत्र लिहिलं. मागण्या होत्या पैशाच्या, सोयीसुविधांच्या, बूट कुठल्या कंपनीचे घालायचे याच्या, आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षक बदला. प्रशिक्षक कोण? तेच, पावेल सादिरिन. पुढे काहींनी सही मागे घेतली, काही शेवटपर्यंत अडून राहिले. मँचेस्टर युनायटेडचा कांचेल्स्किस गेला नाही, इंटरचा शालिमोव्ह गेला नाही, कोलिवानोव्ह नाही, किर्याकोव्ह नाही. यातले पुढच्या फळीतले किती होते ते मोजा, म्हणजे सालेंकोला जागा कशी झाली ते कळेल. ज्यांच्या हाताखाली पोरवयात तो झेनितमध्ये आला, त्याच सादिरिननी त्याला अमेरिकेला नेलं. तो त्या वेळी स्पेनमध्ये लोग्रोन्येस नावाच्या छोट्या क्लबकडून खेळत होता. रिओखाच्या द्राक्षमळ्यांमधलं एक गाव, लास गाउनास नावाचं लहानसं मैदान, आणि तिथे १९९३-९४ च्या लीगमध्ये त्याचे सोळा गोल. त्याच मोसमात बार्सिलोनाच्या रोमारिओने तीस केले होते, पण रोमारिओला चेंडू देणारे कोण होते आणि सालेंकोला देणारे कोण! तो क्लब आता अस्तित्वातही नाही, २००९ ला बुडाला.

अमेरिकेत रशिया ब्राझीलकडून ०-२ हरला. मग स्वीडनकडून १-३, त्यातला एक गोल सालेंकोचा, चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर. शेवटचा सामना कॅमेरूनशी. आणि कॅमेरून म्हणजे रशियाचाच आरसा. त्यांचेही बोनसचे पैसे अडकलेले, त्यांच्याही तंबूत मारामाऱ्या. पहिले दोन सामने खेळलेला गोलकीपर बेल बाहेर, तिसऱ्याला सोंगो उभा. आपसात भांडणारी दोन घरं एका दुपारी समोरासमोर आली आणि त्यातल्या एकाचं भांडण पाच-सहा गोलांच्या रूपाने बाहेर आलं. असं म्हटलं की सालेंकोचा विक्रम लोकांना फुकटचा वाटायला लागतो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता नाही वाटत. ढिसाळ बचाव सगळ्यांनाच मिळतो कधी ना कधी, दहावीचा पेपरही सोपा येतो एखाद्या वर्षी. त्या वर्षी पेपर सोपा होता, असं दादाबद्दल आमच्याच घरातल्या एका काकूने म्हटलं होतं. आत्याने नंतर दोन दिवाळ्या त्यांना फराळाचा डबा पाठवला नव्हता.

आता ते गणित. त्या रात्री मी लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे, गणपतीच्या पायाखालच्या कोऱ्या जागेत, पेन घेऊन ते मांडलं. सहा गट, प्रत्येकातले पहिले दोन पुढे, आणि सहा तिसऱ्यांपैकी चार. ६-१ ने जिंकून रशिया तिसरा, तीन गुण, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले) अधिक एक. तिसऱ्यांत अमेरिकेचे चार गुण, इटलीचे चार, दक्षिण कोरियाचे दोन. दोन गट बाकी. म्हणजे त्या दोनांपैकी कुठल्याही एका गटातला तिसरा जर रशियाच्या खाली राहिला, तर पाच गोलवाला माणूस पुढच्या फेरीत.

२९ जून, वॉशिंग्टन. बेल्जियमने सौदी अरेबियाला हरवलं आणि नेदरलँड्सने मोरोक्कोला, की झालं. सौदी तिसरं, तीन गुणांवर, उण्या फरकाने, रशियाच्या खाली. नेदरलँड्सने आपलं काम केलं. पण बेल्जियमविरुद्ध पाचव्याच मिनिटाला सईद अल-ओवैरान नावाच्या माणसाने स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेतला आणि जो समोर येईल त्याला चुकवत थेट गोलपर्यंत गेला. वर्ल्ड कपच्या सुंदर गोलांच्या कुठल्याही यादीत तो गोल असतो. मी तो शंभर वेळा पाहिलाय. तो बघताना लोकांना मॅराडोना आठवतो. मला त्या रात्रीनंतर सालेंको आठवेल. सौदी जिंकलं, एक दार बंद.

३० जून, डॅलस. आता एकच. अर्जेंटिना बल्गेरियाला हरवेल का? का नाही हरवणार? अर्जेंटिना दोन सामने जिंकलेली, मॅराडोना, कानिखिया, बातिस्तुता. बल्गेरिया हरली असती तर तीन गुणांवर अडकून फरकात रशियाच्या खाली गेली असती. पण त्याच दिवशी मॅराडोना संघाबाहेर गेला. कानिखिया पहिल्या अर्ध्यातच जखमी होऊन बाहेर पडला. बल्गेरिया २-० ने जिंकली. पहिला गोल केला ख्रिस्तो स्टॉइचकोव्हने.

म्हणजे मी ज्या संध्याकाळी मॅराडोनासाठी जेवलो नव्हतो, त्याच घटनेने सालेंकोचाही वर्ल्ड कप संपला होता. तीस वर्षं मला हे माहीत नव्हतं. पेन हातात धरून मी पत्रिकेकडे बघत बसलो. बायकोने विचारलं, "आहेराचा हिशोब करतोयस का?"

स्टॉइचकोव्ह तिथेच थांबला नाही. बल्गेरिया उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तो सहा गोलांवर पोचला. सालेंकोचेही सहा, तीन सामन्यांत. सालेंको स्पर्धेतून बाहेर पडून दोन आठवडे उलटले तरी त्याचा आकडा कुणाला ओलांडता येत नव्हता. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात स्टॉइचकोव्हला सातवा मारायची संधी होती, पण स्वीडनने बल्गेरियाला ४-० ने धुतलं. मग गोल्डन बूट दोघांत विभागला. गटातच बाद झालेल्या संघाचा खेळाडू सर्वाधिक गोलांचा मानकरी होतो हे विचित्रच, आणि वीस वर्षांखालचा आणि मोठा अशा दोन्ही वर्ल्ड कपमध्ये हा मान मिळवणारा तो एकटा. दोन्ही वेळा संघ आधी घरी गेला, बक्षीस नंतर मिळालं.

त्याच सामन्यात आणखी एक विक्रम झाला, त्याची चित्रफीत लोक जास्त बघतात. मध्यंतरानंतर कॅमेरूनने रॉजर मिल्लाला उतरवलं, वय बेचाळीस, आणि त्याने एका मिनिटात गोल केला. वर्ल्ड कपमधला सर्वांत वयस्क गोल करणारा. संघ तेव्हा ३-० ने मागे, त्या गोलने काहीच बदललं नाही, पण स्टेडियम उभं राहिलं असणार. मिल्लाबद्दल पुढे काय झालं असं कुणी विचारत नाही. त्याचं सगळं आधीच होऊन गेलेलं, हा वरचा शेंडा. सालेंको चोवीस वर्षांचा होता. पाच गोल बेचाळिसाव्या वर्षी केले असते तर देव म्हणाले असते. चोवीसाव्या वर्षी केले म्हणून हिशोब मागतात.

त्यानंतर तो रशियाकडून एकदाही खेळला नाही. आठ सामने, सहा गोल, सगळे त्या अमेरिकेतल्या जूनमधले. सादिरिन गेले, रोमान्त्सेव्ह आले, नव्या प्रशिक्षकाच्या मनात वेगळी माणसं. क्लबच्या बाबतीत मात्र दार उघडलं: व्हॅलेन्सियाने त्याला घेतलं. प्रशिक्षक कोण, तर नुकताच ब्राझीलला वर्ल्ड कप जिंकून दिलेले पारेरा. लीगमध्ये सात गोल. वाईट नाही, पण पाच गोल एका दुपारी करणाऱ्याने वर्षभरात सात केले तर लोक त्याला सातच म्हणतात. वर्षभरात ग्लासगोच्या रेंजर्सकडे, जिथे गॅस्कॉइन होता, लाउड्रुप होता, आणि पाऊस होता. सहा महिन्यांत तिथूनही निघाला. जानेवारी १९९६ ला रेंजर्सने त्याला इस्तंबूलस्पोरला दिलं आणि बदल्यात पीटर व्हान व्होसेनला घेतलं. या व्हान व्होसेनला ग्लासगोत आजही ओळखतात ते सेल्टिकविरुद्ध रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारला म्हणून. एक माणूस पाच मारल्यामुळे लक्षात राहिला, दुसरा एक न मारल्यामुळे, आणि दोघांची अदलाबदल झाली. हे मी रचून सांगितलं असतं तर मलाच खोटं वाटलं असतं.

इस्तंबूलमध्ये तो बरा खेळत होता. मग गुडघा. गुडघ्याबद्दल क्रीडापत्रकार फार थोडक्यात लिहितात, 'दुखापतींनी ग्रासलं' वगैरे. ज्याचा गुडघा गेलाय त्याला विचारा. माझा डावा गेली चार वर्षं जिना उतरताना करकरतो, सुक्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा, आणि मी तर बँकेत बसून काम करतो. स्ट्रायकरचं सगळं काम एका अर्ध्या क्षणात असतं, बचावपटू वळायच्या आत वळायचं. तो अर्धा क्षण गुडघ्यात राहतो. शस्त्रक्रिया, मग पुन्हा, मग वाट बघणं. १९९९ ला स्पेनमध्येच कोर्दोबाकडून तीन सामने. त्यानंतर पोलंडमध्ये पोगोन श्चेचिनकडून एक. एकच. एकतिसाव्या वर्षी बूट काढले.

त्या एका सामन्यावर मी बराच वेळ अडकलो. पोलंडच्या बंदरातलं थंड गाव, सगळ्यांना माहीत असणार की हा तोच. त्याने किती मिनिटं धावून बघितलं, गुडघ्याने कितव्या मिनिटाला उत्तर दिलं, मला माहिती नकोच आहे. आमच्याकडे म्हणतात ना, हात धुऊन उठायचं. उठण्याआधी माणूस पानावर शेवटचं काहीतरी बोटाने पुसून घेतो, तसा मला तो सामना दिसतो.

२०१० मध्ये तो गोल्डन बूट विकणार असल्याच्या बातम्या आल्या. त्या वाचून मी तेव्हा चुकचुकलो होतो, चांगलंच आठवतं. काय वेळ आली माणसावर, असं. आता मला माझाच राग येतो. बूट त्याचा, ठेवेल नाहीतर विकेल. आत्याच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये दादाचं रौप्यपदक आणि पेपरातलं ते कात्रण लॅमिनेट करून ठेवलंय. पेढ्याचा फोटो. कात्रण उन्हाने इतकं फिकट झालंय की दादाच्या जागी आता फक्त चष्म्याची फ्रेम दिसते, आणि आत्याचा हात. दादाने दोनदा ते काढून टाकायचा प्रयत्न केला. आत्या म्हणाली, "मी आहे तोवर राहू दे." मग तो काही बोलला नाही, नवीन घराला रंग दिला तेव्हा शोकेस तेवढी दोन फूट सरकवून खिडकीच्या उन्हातून बाजूला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती चित्रफीत दादाला पाठवली. सोबत सगळं गणितही लिहिलं, ओवैरान, मॅराडोना, स्टॉइचकोव्ह, गोलफरक, सगळं. वर लिहिलं, "तुला आवडेल." प्रश्नाबद्दल, आजोबांबद्दल काही लिहिलं नाही. दुपारपर्यंत निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. मला धास्ती वाटायला लागली, की त्याने ते मनाला लावून घेतलं, की मी नको ते उकरून काढलं. संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. मागे कुकरच्या शिट्ट्या, त्याची मुलगी कशावरून तरी ओरडतेय.

"गणित बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पण बल्गेरिया हरली असती तर त्यांचा फरक शून्य किंवा उणा आला असता, हे तू लिहिलंच नाहीस. नुसतं 'खाली' लिहिलंयस. पायरी सोडलीस."

मी हसलो.

"आणि एक सांग," तो म्हणाला. "सहा-एक ना? पाच याने मारले. मग सहावा कुणी मारला?"

मला नाव आठवेना. तीस वर्षं हा सामना मी तोंडपाठ सांगत आलोय, आणि ८१ व्या मिनिटाला रशियाचा शेवटचा गोल करणाऱ्या माणसाचं नाव माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलेलं नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी लॅपटॉप उघडला. राद्चेंको. दिमित्री राद्चेंको, हाही लेनिनग्राडचाच. १९९१ ला स्पार्टाक मॉस्कोकडून खेळताना याने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानात दोन गोल मारले होते.

"बेर्नाबेऊवर दोन?" दादा म्हणाला. "थांब, थांब. गॅस बंद करून येतो. मग नीट सांग."